देवाला आधीच ठाऊक होतं, मग नाशपातींची चोरी कुणाच्या खात्यावर?

अर्धाचहा

नमस्कार मंडळी. एम.ए. तत्त्वज्ञान बाहेरून करतोय. दिवसा एका पतसंस्थेत वसुलीला असतो, त्यामुळे अभ्यास रात्रीचा आणि तोही पेंगत. मध्ययुगीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरला संत ऑगस्टीन आहे, चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्समध्ये त्याचा निकाल चार ओळींत लावलाय. देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं, पण ठाऊक असणं म्हणजे भाग पाडणं नव्हे, म्हणून माणसाची इच्छा स्वतंत्रच राहते. पाच मार्क खिशात.

मला हे पचेना, म्हणून त्याचं आत्मकथन, ‘कन्फेशन्स’, इंग्रजीतून वाचायला घेतलं. दुसऱ्या भागात सोळा वर्षांचा ऑगस्टीन टोळक्याबरोबर रात्री जाऊन लोकांचं नाशपातीचं झाड झोडपतो. घरी याहून चांगल्या नाशपाती होत्या. या तर ना रंगाला ना चवीला. थोड्या चाखल्या, बाकी डुकरांपुढे टाकल्या. चोरीची मजा यावी एवढ्यासाठी चोरी. आता ही चोरी होणार हे देवाला अनादी काळापासून ठाऊक होतं. मग ऑगस्टीन त्या रात्री घरी झोपून राहिला असता, असं होऊ शकलं असतं का? नसेल, तर पश्चात्ताप कसला?

आमच्याकडे एक थकबाकीदार आहे, तो दर खेपेला हेच ऐकवतो. “साहेब, मी फेडणार नाही हे तुमच्या मॅनेजरला कर्ज देतानाच ठाऊक होतं. मग दिलंत कशाला?” मॅनेजर गप्प बसतो. ऑगस्टीनकडे काही उत्तर आहे का?

दुसरी शंका. नऊ भाग आयुष्याची गोष्ट सांगून झाली, आई वारली, आणि दहाव्या भागात हा माणूस एकदम स्मृतीवरच बोलत सुटतो. आठवण कुठे साठते, विसरलेलं आठवतं कसं, पानंच्या पानं. याचा देवाशी आणि इच्छेशी संबंध काय? की मला डुलकी लागली तेव्हा दुवा निसटला?

तर्कट

उत्तर नाही, उत्तराचा आव आहे. इच्छास्वातंत्र्यावरच्या त्याच्या संवादात, तिसऱ्या भागात, तो एवोडियस या मित्राला सांगतो: तुझ्या आठवणीमुळे होऊन गेलेल्या गोष्टींवर घडण्याची सक्ती झाली नाही, तसं देवाच्या पूर्वज्ञानामुळे पुढच्या गोष्टींवर होत नाही. ऐकायला गोड आहे. पण मी काल मिसळ खाल्ली, म्हणून आज मला ती आठवते. आधी मिसळ, मग आठवण. देवाचं ज्ञान आधी आणि चोरी मागून, शिवाय ते ज्ञान कधी चुकत नाही. बरं, कालची मिसळ आता कुणाच्या बापाला बदलता येत नाही. म्हणजे उपमा मान्य केली तर उद्याचा दिवस कालच्याइतकाच पक्का झाला. बचावाच्या साक्षीदाराने गुन्हा कबूल करावा, त्यातली गत.

बावखल

अर्धाचहा, विद्यार्थी आहेस म्हणजे अरेतुरे करतो, चालवून घे. मी वसईचा. सेमिनरीत काही वर्षं काढली, फादर व्हायचं राहिलं, शाळेत मास्तर झालो. लॅटिन तेवढं अंगाला चिकटून राहिलं. आमच्या चर्चमध्ये ऑगस्टीनचा सण २८ ऑगस्टला, आणि आदल्या दिवशी त्याच्या आईचा, मोनिकाचा. आईने रडून रडून पोराला देवाकडे आणलं, एवढी गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. पोराने पुढे काय लिहून ठेवलं ते वाचायला कुणाला सवड आहे!

आधी तर्कटरावांचं. उपमा एका पायाने लंगडी आहे, मान्य. पण ती कुणाशी भांडताना दिली ते बघा. तो संवाद त्याने मोनिका गेल्यावर, ३८७-८८ च्या सुमारास रोममध्ये लिहायला घेतला आणि हिप्पोत (आजचं अल्जीरियातलं अन्नाबा) धर्मगुरू झाल्यावर पुरा केला. त्याच्या आधी नऊएक वर्षं तो मानीच्या पंथात होता. त्या पंथाचं म्हणणं, वाईट ही एक वेगळी शक्तीच आहे. पाप करतो तो मी नव्हेच, माझ्यातला तो दुसरा करतो. ऑगस्टीन पुढे कबूल करतो की त्याला हे फार सोयीचं वाटायचं. तेव्हा संवादात त्याला एकच खुंटा पक्का करायचा आहे: केलंस ते तू केलंस, कारण तुला ते करावंसं वाटलं. पूर्वज्ञानाचा मुद्दा ओघात आला, म्हणून त्याने तो हातावेगळा केला. तुझ्या नोट्सनी नेमकं तेच उचललं.

आता दहावा भाग. तो वाचायच्या आधी आठव्या भागातली मिलानची बाग परत वाच, ३८६ सालची. मन बदलायचं पक्कं ठरलंय, तरी पाऊल उचलत नाही. का? तो साखळी जोडून दाखवतो: इच्छा वाकडी झाली, त्यातून वासना आली, वासनेचे लाड केले तर सवय झाली, सवयीला अडवलं नाही तर ती गरज होऊन बसली. आणि जुन्या मैत्रिणी, म्हणजे त्याच्या जुन्या सवयी, मागून त्याचा पदर ओढतात आणि कुजबुजतात, आम्हाला खरंच सोडून चाललास? समोरून अडवायची त्यांच्यात धमक नाही, मागून चिमटे काढतात. आता सांग, या सवयी असतात कुठे? आठवणीतच की. माणसाला बांधून ठेवणारी दोरी त्याच्याच आठवणीतून वळलेली आहे, हे त्याला तिथे कळून चुकलेलं आहे.

म्हणून दहावा भाग. आता तो बिशप झालाय, वय चाळिशीच्या पुढे. लोकांना त्याच्या जुन्या पापांच्या गोष्टी ऐकायच्या आहेत, आणि हा सांगतो आजचा हिशेब. जागेपणी आयुष्यातल्या पूर्वीच्या बायकांची चित्रं मनात आली तर ती निस्तेज असतात. झोपेत मात्र तीच चित्रं त्याच्याकडून होकार वदवून घेतात. मग तो देवाला विचारतो, झोपेत मी मी नसतो का? बिशपने हे लिहायचं म्हणजे चेष्टा नाही! पुढे सांगतो, आता मी शर्यतीत कुत्रा सशामागे पळताना बघायला जात नाही, पण वाटेत शेतात तेच दिसलं तर लक्ष जातंच. घरात बसलो असताना पालीने माशी पकडली तरी टक लावून बघतो. मोठमोठी पापं सोडून तो पालीवर येतो, याचं कारण त्याला दाखवायचंय की ‘मी ठरवलं’ म्हणणारा हा ‘मी’ स्वतःच्या घराचा पुरता मालक नाही.

आणि त्याच स्मृतीत देवाची खूणही सापडते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली बाई हरवलेलं नाणं दिवा लावून शोधते. मनातून ते पुरतं गेलं असतं तर शोधलं नसतं, आणि सापडल्यावर हेच ते म्हणून ओळखलंही नसतं. सुख सगळ्यांना हवं असतं, ज्यांनी ते कधी चाखलं नाही त्यांनाही. मग त्याची ओळख आली कुठून? यावर तो बराच वेळ चाचपडतो. मला त्याची ही चाचपडणारी पानं जास्त आवडतात, निकाल लावणारी कमी.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र एका भलत्याच पुस्तकात आहे. आत्म्याच्या उगमावर त्याने म्हातारपणी चार भाग लिहिले. त्यात सिम्प्लिशियस नावाच्या जुन्या मित्राची गोष्ट येते. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याच्या प्रत्येक भागातली शेवटून दुसरी ओळ कोणती, असं विचारलं तर हा धडाधड सांगायचा. तिच्या आधीची सांग म्हटलं, सांगितली. मग उलट्या क्रमाने म्हणून दाखवलं. सगळे थक्क झाले. आणि त्याने देवाची शपथ घेऊन सांगितलं, आज करून बघेपर्यंत मला हे जमतं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. लगेच पुढे ऑगस्टीन येशूचा शिष्य पेत्र याच्यावर येतो. पेत्र म्हणाला, प्रभू, तुझ्यासाठी जीव देईन. खोटं बोलत नव्हता. पण आपल्या इच्छेत बळ किती, हे त्या इच्छेलाच ठाऊक नव्हतं. येशूला ठाऊक होतं: कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीन वेळा नाकारशील.

आता यात सक्ती कुठे आली? दासीने विचारलं, पेत्र घाबरला, नाही म्हणाला. कुणी त्याचं तोंड दाबलं नव्हतं. मग कोंबडा आरवला, आणि मत्तय त्याच्या शुभवर्तमानात लिहितो की पेत्राला येशूचा शब्द *आठवला*, बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला. हे तर आधीच ठरलं होतं, माझा काय दोष, असं काही तो म्हणाला नाही. तुझा थकबाकीदार मात्र म्हणतो. म्हणून माझं म्हणणं, ऑगस्टीनच्या देवाचं ज्ञान भविष्याच्या वेळापत्रकासारखं बाहेर टांगलेलं नाही. मला माझी जेवढी माहिती आहे त्याहून जास्त त्याला माझी माहिती आहे, अशा जातीचं ते आहे.

तर्कट

छान लिहिलंत. पण पेत्राची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. शब्द बाहेर पडल्यावर पेत्र ‘हो, मी त्याचाच’ म्हणू शकला असता का? म्हणाला असता तर येशू खोटा ठरला असता. तो खोटा ठरू शकत नाही. म्हणजे पेत्र म्हणू शकत नव्हता. रडला हे खरं, पण रडणं म्हणजे पुरावा नव्हे.

टिपणवही

इथे बोएथियस या रोमन विचारवंताला बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही. ५१० सालचा कॉन्सल (रोममधलं मोठ्या मानाचं पद), ५२२ ला दोन्ही मुलं एकदमच कॉन्सल झालेली, आणि थोड्याच काळात राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात. इटलीच्या थिओडोरिक राजाने ५२४ च्या सुमारास त्याला मारलं. त्याआधी कोठडीत त्याने तत्त्वज्ञानाशी संवाद लिहिला. तत्त्वज्ञान तिथे एक बाई होऊन येते आणि त्याला चांगलंच फैलावर घेते.

पाचव्या भागात ती सांगते की ‘पूर्व’ज्ञान हेच चूक आहे. देव आधी उभा राहून पुढे बघत नाही. त्याच्यासमोर सगळा काळ एकदमच हजर असतो. समजा तुम्हाला एका वेळी दोन गोष्टी दिसतायत: सूर्य उगवतोय आणि एक माणूस चालतोय. दोन्ही तुम्ही बघताय, म्हणजे दोन्ही घडतायत यात शंका नाही. पण सूर्याला उगवावंच लागतं, माणूस आपल्या मर्जीने चालतोय. बघितल्याने या दोहोंतला फरक पुसला जात नाही. तो चालत असताना ‘तो चालतोय’ हे अटळ आहे, पण ‘त्याला चालावंच लागतंय’ हे अटळ नाही.

पुढे ११०७-०८ च्या सुमारास अँसेल्म या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हेच आणखी टोकदार केलं: मी सक्तीविना पाप करीन हे देवाला ठाऊक असेल, तर अटळ काय ठरलं? मी *सक्तीविना* पाप करीन, हेच. पेत्राच्या बाबतीत लावून बघा.

तर्कट

लावून बघितलं. अँसेल्मची ओळ हुशार आहे, दाद देतो. पण बोएथियसचा देव बघतोय एवढंच. पेत्राला तर त्याने त्याच रात्री आधी *सांगितलं*. सांगणं काळात घडलं, नाकारण्याच्या आधी घडलं. मग काळाबाहेरच्या खुर्चीचा उपयोग काय? आणि सगळं त्याच्यासमोर एकदमच हजर असेल, तर त्याला ना आठवण, ना वाट बघणं. बायबलमध्ये तर देवाला महापुरातल्या नोहाची आठवण झाली असं चक्क लिहिलंय.

बावखल

नोहाचं सोपं आहे. माणसांशी बोलायचं तर माणसांच्या भाषेतच बोलावं लागतं, एवढंच उत्तर ऑगस्टीन देईल. ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात त्याने याला हात घातलाय. एक स्तोत्र मला पाठ आहे, म्हणायला लागतो. सुरुवातीला सगळं स्तोत्र अपेक्षेत असतं. एकेक शब्द म्हणत जातो तशी अपेक्षा आखडत जाते आणि आठवण लांबत जाते, शेवटी सगळंच आठवणीत जमा होतं. माणसाचं सबंध आयुष्य असंच, असं तो म्हणतो. आणि लगेच बजावतो, देवाला जग ठाऊक आहे ते या गाणाऱ्याला स्तोत्र ठाऊक असतं तसं नव्हे. बोएथियसची जमीन इथेच नांगरून ठेवलेली आहे.

सांगण्याचा मुद्दा खरा अवघड आहे. चौदाव्या शतकात ऑकम हा इंग्रज तत्त्वज्ञ त्याच्याशी झुंजला: काही वाक्यं बोलायला भूतकाळाची असतात, पण त्यांचा खरेपणा पुढे काय होतं त्यावर टांगलेला असतो, म्हणून ती झाल्या गोष्टीसारखी पक्की धरायची नाहीत. देवाला काय ठाऊक होतं याला हे लागू पडतं असं समजू. पण त्याने तोंडाने उच्चारलेल्या शब्दाला? तिथे मला ऑकमची घसरण होताना दिसते. तर्कटराव, हा डाव तुमचा.

कृष्णाकाठ

मधेच बोलतोय, माफ करा. हे आपलं प्रारब्धच नाही का? मागचं कर्म पुढे भोगायचं, आणि वर कृपा झाली तर सुटका. नावं वेगळी, बाकी तेच.

बावखल

नाही हो. प्रारब्धात निदान खातं माझंच असतं. मागे मी काही केलं, त्याचं फळ. ऑगस्टीन ३९६ च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिसियानुसला (वरचा व्हर्जिलवाला वेगळा) पत्ररूपाने उत्तर लिहायला बसला, विषय बायबलमधले याकोब आणि एसाव. जुळे भाऊ, अजून आईच्या पोटात. बरं नाही, वाईट नाही, काहीच केलेलं नाही. आणि येशूचा प्रेषित पौल लिहितो, देवाने एकाला निवडलं, दुसऱ्याला नाकारलं. मागचा जन्मही नाही, ज्यावर ढकलता येईल. ऑगस्टीन सगळे रस्ते करून बघतो. देवाला पुढे याकोबची श्रद्धा दिसली असेल म्हणावं? तेही तो स्वतःच खोडतो, कारण मग कृपा ही मजुरी झाली. म्हातारपणी, ४२६-२७ ला, स्वतःची सगळी पुस्तकं तपासताना या पत्राबद्दल तो लिहितो की मी इच्छास्वातंत्र्यासाठी झटलो खरा, पण देवाची कृपाच जिंकली.

‘कन्फेशन्स’ याच्या लगेच नंतरचं. म्हणून तर दहाव्या भागात ते वाक्य येतं, जे सांगतोस ते करायचं बळ दे, मग वाटेल ते सांग. तुझ्या पतसंस्थेच्या भाषेत: हप्त्याचे पैसेही तूच दे, मग लाव हवा तेवढा हप्ता. रोममध्ये एका बिशपने हे वाक्य पेलेजियस नावाच्या धर्मोपदेशकासमोर म्हणून दाखवलं तेव्हा तो एवढा खवळला की भांडणावर आला. ब्रिटनकडचा कडक शिस्तीचा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं: देव आज्ञा करतो म्हणजे ती पाळायची ताकद माणसात आहे, नाहीतर आज्ञा कसली? आणि गंमत बघ, आपल्या बाजूने साक्ष म्हणून त्याने ऑगस्टीनचाच इच्छास्वातंत्र्यावरचा जुना संवाद पुढे केला. ४१८ ला कार्थेजच्या धर्मसभेत पेलेजियसच्या मताचा निकाल लागला, पण मला विचारशील तर वाद मिटला नाही. नवव्या शतकात गॉटशॉक नावाच्या साधूने ऑगस्टीनला शेवटापर्यंत खेचलं: तारले जाणारे ठरलेले, तसेच बुडणारेही ठरलेले. ८४९ ला फ्रान्समधल्या कियेर्झीच्या धर्मसभेत त्याला फटके मारले, स्वतःच्या हाताने स्वतःचे कागद जाळायला लावले आणि मठात कोंडलं. फटके मारणारेही स्वतःला ऑगस्टीनचेच म्हणवत होते.

अर्धाचहा

काका, मग शेवटच्या ऑगस्टीनच्या हिशेबाने तर आमचा थकबाकीदार बरोबर म्हणतोय की! पैसे फेडायची बुद्धीच दिली नाही, तर फेडणार कुठून? आणि ती कुणाला द्यायची हे मॅनेजरच्या मर्जीवर.

बावखल

तुझ्या थकबाकीदाराला फेडावंसं वाटतंय आणि जमत नाहीये, असं असेल तर त्याची वकिली ऑगस्टीन स्वतः करेल. पण त्याला फेडावंसंच वाटत नसेल आणि तेच तो युक्तिवाद म्हणून मांडत असेल, तर तो मानीच्या पंथात गेला. राहता राहिली मर्जी. एकाला दिली आणि दुसऱ्याला का नाही? इथे ऑगस्टीन पौलाचं वाक्य पुढे करतो, देवाचे निर्णय अथांग आहेत, आणि गप्प होतो. मला हे कधी पटलेलं नाही. सेमिनरीत विचारलं होतं, तेव्हा मला बाग झाडायला पाठवलं.

पेपरचं म्हणशील तर नोट्समधल्या चार ओळी खोट्या नाहीत, फक्त त्या ३९५ च्या आसपासच्या ऑगस्टीनच्या आहेत. त्या लिही, आणि खाली सिम्प्लिसियानुसला लिहिलेल्या उत्तराचा उल्लेख करून पुढे मत कसं सरकलं ते दोन वाक्यांत मांड. वेळ असेल तर बोएथियसचा पाचवा भाग आधी वाच, छोटा आहे आणि रात्री पेंगत वाचला तरी कळतो. ‘कन्फेशन्स’चा दहावा भाग मात्र सकाळी वाच.

तर्कट

आणि पेत्राला आधीच *सांगितल्याचं* उत्तर कुणाला सापडलं तर इथेच टाका. मी धागा बघत असतो.